आठ ओळींचा जबाब

“दाबके, तुमच्याकडे अशा वेळी माणसं काय करतात?”

प्रोफेसर तेसारींनी हे विचारलं तेव्हा आम्ही तिघं रविवारच्या जेवणाला बसलो होतो. ताटात पोलेंता होती, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. त्यांच्या पत्नी, सिन्योरा एल्विरा, माझ्यापुरती ती मांसाच्या रश्शाऐवजी घेवड्याच्या उसळीबरोबर वाढत. टेबलाच्या मधोमध, मिठाच्या भांड्याला टेकवून, विद्यापीठाच्या रेक्टरचं, म्हणजे कुलगुरूंचं, पत्र उभं होतं. गेले दोन दिवस ते तिथंच होतं. पाणी घेताना, ब्रेड घेताना सगळे हात त्याला वळसा घालून जात.

१९३१ सालचा नोव्हेंबर. त्या वर्षी इटलीतल्या सगळ्या प्राध्यापकांना शपथ घ्यायला सांगितलं होतं. राजाशी, त्याच्या वारसांशी आणि फॅसिस्ट राजवटीशी एकनिष्ठ राहीन, विद्यार्थ्यांनाही तसंच घडवीन, असा मजकूर होता. खाली सही करायची. न करणाऱ्याची नोकरी जाणार.

“राजाची शपथ मी पूर्वी घेतलेली आहे,” प्रोफेसर म्हणाले. “पुन्हा घेईन. पण राजवट म्हणजे काय? एक पक्ष. उद्या त्या पक्षानं सांगितलं की गव्हावर तांबेरा नाही, तर मी काय शिकवू?”

हे ते उगाच बोलत नव्हते. तांबेरा, म्हणजे पानांवर तांबडे फोड आणणारा रोग, हा त्यांचा आयुष्याचा विषय, आणि त्यासाठीच मी कऱ्हाडहून एवढ्या लांब आलो होतो. सरकारनं देशभर गव्हाची मोहीम काढली होती. एक नवं वाण घरोघर पोचवलं होतं. भिंतींवर त्याच्या ओंब्यांची चित्रं होती, वर्तमानपत्रांत दर आठवड्याला पिकाचे वाढते आकडे होते. त्या वाणाला तांबेरा सपाटून लागतो, हे प्रोफेसरांनी दोन हंगाम मोजून सिद्ध केलं होतं. त्यांचा अहवाल मंत्रालयात गेला आणि तिथंच राहिला.

“सांग ना,” ते म्हणाले. “तुम्ही लोक परक्यांच्या राज्यात राहता. तुमच्याकडे सह्या मागत असतीलच.”

मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला कोणी काही विचारलं की बरं वाटे. मी त्यांना माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली.

आमचे आप्पा कऱ्हाडच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून. १९३० च्या मे महिन्यात मी पुण्यात परदेशी कापडाच्या दुकानासमोर पिकेटिंग करताना पकडला गेलो. तीन दिवस कोठडीत होतो. चौथ्या दिवशी आप्पा आले. माझा मुलगा यापुढे चळवळीत भाग घेणार नाही, घेतल्यास मी जबाबदार, असं हमीपत्र त्यांनी साहेबापुढे सही करून दिलं आणि मला सोडवून आणलं. मला एका शब्दानंही विचारलं नाही. कऱ्हाडपर्यंतच्या प्रवासात आम्ही बोललो नाही. पुढे चार महिन्यांनी पुण्याच्या एका व्यापाऱ्याच्या ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाली. इंग्लंडला जायचं नाही एवढं माझं ठरलेलं होतं, म्हणून इटली निवडली. तेव्हा आमच्याकडच्या काही वर्तमानपत्रांतून इटलीच्या शिस्तीची वाखाणणीही येई, आणि तीही मी वाचलेली होती. निघताना आईच्या पाया पडलो. आप्पा ओसरीवर उभे होते. त्यांच्या नाही पडलो.

“सही केलेल्या माणसाकडे पाहावत नाही, प्रोफेसर,” मी म्हटलं. “तो पूर्वीसारखाच जेवतो, कचेरीत जातो. पण पाहावत नाही.”

प्रोफेसर चष्मा काढून रुमालानं पुसत बसले. सिन्योरा उठल्या, माझ्यापुढचं ताट मी जेवत असतानाच उचललं आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी पाठोपाठ पाण्याचा तांब्या घेऊन गेलो.

“हे तू कशाला बोललास?” त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

“त्यांनी विचारलं म्हणून.”

“ते छप्पन्न वर्षांचे आहेत. ती प्रयोगशाळा आणि ते काचघर यांच्याशिवाय त्यांना काही येत नाही. त्यांच्या विभागातल्या सगळ्यांनी सही केलीय. घरी येऊन सांगून गेले, की अहो, कागद आहे, सही करा आणि विसरून जा. ते तुझं ऐकतात. तू सांग त्यांना, सही करा म्हणून.”

“मला ते जमणार नाही, सिन्योरा.”

त्यांनी हात पुसले. “तुझे वडील काय करत होते, ते तुला कळलेलं नाही,” एवढंच म्हणाल्या.

मला त्यांचा राग आला. बायका अशाच भितात, असं काहीतरी मनात आलं.

मंगळवारी अकरा वाजता प्रोफेसर रेक्टरकडे गेले. मी त्यांच्याबरोबर चौकापर्यंत गेलो आणि कॉफीच्या दुकानाबाहेर थांबलो. वीस मिनिटांत ते परत आले. टोपी हातात होती, थंडी असूनही.

“नाही म्हटलं,” ते म्हणाले. “फार चांगले वागले रेक्टर. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी स्वतः सही केलीय ना.” मग थोडं चालून म्हणाले, “किल्ल्या शनिवारपर्यंत द्यायच्या आहेत.”

मला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की मी जवळजवळ त्यांच्या पायाच पडणार होतो. वर्तमानपत्रात कोणाचंच नाव आलं नाही. पुढे कळलं, की साऱ्या देशातल्या हजारबाराशे प्राध्यापकांत नाही म्हणणारे डझनभरच निघाले. त्यांतला एक माझा गुरू होता, आणि त्याला नाही म्हणायला मी लावलं होतं, असं मला वाटत होतं. हे वाटणं मी बरेच दिवस खिशात घेऊन हिंडलो.

विभागाचा ताबा त्यांच्या हाताखालच्या माणसाकडे गेला. तो भला होता, पण रस्त्यात प्रोफेसर दिसले की पलीकडच्या बाजूला जाई. काचघरातल्या कुंड्यांना वेळेवर पाणी मिळेना. मी मात्र अजून विद्यार्थी होतो, मला आत जाता येई. मी रोगट पानं कागदात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात घालून त्यांच्या घरी नेऊ लागलो. जेवणाच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडून आम्ही काम करू लागलो. माझा प्रबंध तिथंच लिहून झाला. प्रत्येक पान प्रोफेसर वाचत, पेन्सिलीनं दुरुस्त करत. “घरी शिकवायला जास्त मजा येते,” ते म्हणत. “घंटा होत नाही.” सिन्योरा शेजारी बसून मोजे विणत. हळूहळू त्या पुन्हा माझ्याशी पहिल्यासारखं बोलू लागल्या. नाताळात त्यांनी मला लोकरीचा गळपट्टा दिला. “तुझ्या गळ्याला आमची थंडी माहीत नाही,” म्हणाल्या.

जानेवारीच्या मध्याला मला पक्षाच्या विद्यार्थी कचेरीतून बोलावणं आलं. माझ्या राहण्याच्या परवान्याची मुदत एकतीस तारखेला संपत होती, त्याचं काम होतं. तासाभरात मी बाहेर पडलो. परवाना सहा महिन्यांनी वाढवून मिळाला होता. तिथून मी तेसारींकडेच गेलो आणि नेहमीसारखा जेवलो.

“झालं काम?” प्रोफेसरांनी विचारलं.

“झालं,” मी म्हटलं.

“त्रास नाही ना दिला?”

“नाही. उलट कॉफी दिली.”

ते हसले.

आठ दिवसांनी, दुपारी साडेबाराला, साध्या कपड्यातली दोन माणसं आली. मी तिथंच होतो. घरीच कुंड्यांत लावलेली रोपं टेबलावर मांडलेली होती. त्यांतल्या वयस्कर माणसानं टोपी काढून सिन्योरांना नमस्कार केला आणि प्रोफेसरांना म्हणाला की थोडं बरोबर यावं लागेल, गरम कपडे घ्यावेत. सिन्योरा आत जाऊन लोकरीची बंडी घेऊन आल्या. ती त्यांनी स्वतः नवऱ्याच्या अंगात चढवली, सगळी बटणं लावली. प्रोफेसर माझ्याकडे वळले.

“पाचव्या कुंडीवरचे डाग आज मोज. उद्यावर टाकू नकोस, उद्या ते फुटतील.”

मी मान हलवली. ते गेले. मी वही घेऊन बसलो आणि पाचव्या कुंडीवरचे डाग मोजायचा प्रयत्न केला. सिन्योरा खिडकीशी उभ्या होत्या. “कोणी सांगितलं असेल?” त्या म्हणाल्या. मला नव्हे, काचेला. “घरात कोण येतं आमच्या?”

माझी मोजणी चुकली. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

आता पक्षाच्या कचेरीतल्या त्या तासाबद्दल सांगतो. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. पस्तीस वर्षं कृषी महाविद्यालयात शिकवलं, मुलांची लग्नं झाली, पत्नी गेली. तिलाही नाही.

कचेरीत रिगी नावाचे गृहस्थ होते. माझ्याहून फार तर आठ वर्षांनी मोठे. पक्षाचा काळा शर्ट, पण त्यावर साधा करडा कोट. त्यांनी मला खुर्ची दिली, कॉफी मागवली, ताजमहालाबद्दल विचारलं. इंग्रजांबद्दल इतकं वाईट बोलले की मला ते आवडले. मग माझी फाईल उघडली.

“तुम्ही प्रोफेसर तेसारींकडे जाता.”

“ते माझे मार्गदर्शक आहेत.”

“होते,” ते म्हणाले. “त्यात गैर काही नाही. गुरूबद्दल आदर असावा. तुमच्याकडे तर फारच असतो म्हणे. ते गव्हाबद्दल तुमच्याशी बोलतात?”

“आमचा विषयच तो आहे.”

“वर्तमानपत्रातले आकडे खोटे आहेत असं ते म्हणतात?”

मी कॉफीचा कप उचलला. रिगींनी घाई केली नाही. साखर ढवळत राहिले.

“सिन्योर दाबके, आम्हाला हे सगळं माहीत आहे. तुम्ही काही नवं सांगणार नाही. आमच्या फाईलमध्ये एका परदेशी माणसाचा जबाब हवा, एवढंच. परदेशी माणसापुढे असं बोलणं ही वेगळी बाब होते. तुम्ही खोटं काहीच लिहायचं नाही. एक शब्द जरी खोटा वाटला तरी मला सांगा, मी खोडतो.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर नाही,” ते म्हणाले. “तुमचा परवाना एकतीसला संपेल. तुम्ही घरी जाल. कोणी तुम्हाला बोटही लावणार नाही.”

त्यांनी खरंच बोट लावलं नाही, आवाज चढवला नाही. दाराबाहेर कोणी उभं नव्हतं. खिडकीतून चौक दिसत होता, आणि जिथं मी नोव्हेंबरात प्रोफेसरांची वाट पाहत उभा राहिलो होतो ते कॉफीचं दुकानही. प्रबंधाला दोन महिने उरले होते. मला कऱ्हाडचं स्टेशन दिसलं. पदवीवाचून उतरलेला मी, आणि न्यायला आलेले आप्पा. ते काहीच बोलणार नाहीत, टांगा ठरवतील, हे मला माहीत होतं. तेवढं मला सहन होणार नव्हतं.

जबाब आठ ओळींचा होता. प्रोफेसर तेसारी यांनी माझ्यासमक्ष, स्वतःच्या घरी, अनेकदा म्हटलं आहे की गव्हाचे सरकारी आकडे फुगवलेले आहेत. की नव्या वाणाचा रोग दडपला जात आहे. की राजवट म्हणजे एक पक्ष, तिची शपथ घेणार नाही. प्रत्येक वाक्य खरं होतं. मी दोनदा वाचलं, खोडण्यासारखा एक शब्द सापडतो का पाहिलं. ‘अनेकदा’च्या जागी ‘कधी कधी’ करा, असं सुचवलं. रिगींनी लगेच केलं. मग मी सही केली. मोरेश्वर रामचंद्र दाबके, पूर्ण नाव, देवनागरीत. रोमन लिपीतही करा, ते म्हणाले. तीही केली.

प्रोफेसरांना नेलं त्या संध्याकाळी मी आप्पांना पत्र लिहिलं. दीड वर्षात पहिलं. चार पानं झाली, त्यात मी सगळं लिहिलं होतं. मग ती फाडून एका पोस्टकार्डावर प्रकृती ठीक आहे, थंडी फार आहे, तुमची आठवण येते, एवढं लिहून टाकलं. त्यांचं उत्तर मार्चात आलं. ‘तुझे पत्र पावून समाधान वाटले. जिवाला जपावे. बाकी सर्व मागाहून होते.’

राजवटीविरुद्ध बोलणाऱ्यांचा निकाल लावणाऱ्या सरकारी आयोगानं प्रोफेसरांना तीन वर्षं दक्षिणेतल्या एका बेटावर नजरकैदेत पाठवलं. सुनावणी अर्धा तास चालली. शपथ न घेणारे बाकीचे घरी बसले, कोणी पेन्शनीवर, कोणी शिकवण्या करत. बेटावर पाठवण्याइतकं माझ्या प्रोफेसरांविरुद्ध जे होतं, ते माझ्या आठ ओळींत होतं.

मी तेसारींच्या घरी जाणं थांबवलं होतं. सिन्योरांना तोंड दाखवणं शक्य नव्हतं. त्यांना माहीत नसलं तर अधिकच अशक्य. पण माझा प्रबंध त्यांच्याकडेच राहिला होता. प्रोफेसरांच्या टेबलाच्या खणात, दुरुस्त केलेल्या पानांचा तो एकमेव गठ्ठा. तो मागायला जायचं धाडस होईना, आणि त्याच्यावाचून पदवी मिळत नव्हती. अशात फेब्रुवारीतल्या एका सकाळी माझ्या खोलीच्या दारावर टकटक झाली. दारात सिन्योरा होत्या. तीन जिने चढून आल्यामुळे दम लागला होता. काखेत कागदात बांधलेला गठ्ठा होता.

“तुमचा प्रबंध,” त्या म्हणाल्या.

दीड वर्ष त्या मला ‘तू’ म्हणत होत्या. तो एक शब्द ऐकला आणि मला कळलं की त्यांना सगळं कळलं आहे.

मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. गठ्ठा पलंगावर ठेवला.

“वकिलांना फाईल पाहायला मिळाली,” त्या म्हणाल्या. “तुमची सही दोन लिप्यांत आहे. त्यांनी ती आम्हा दोघांनाही दाखवली.”

“सिन्योरा, माझा परवाना...”

“मला एक भाऊ होता. त्याच्याबद्दल मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कुणालाच सांगत नाही. शेतमजुरांच्या संघाचा चिटणीस होता. बावीस साली काळे शर्टवाले घरात शिरले. संघाच्या सभासदांची नावं मागितली. त्यानं दिली नाहीत. मग त्याला खुर्चीत बसवून एरंडेल पाजलं. बाटली दातांत घुसवून, लिटरभर. मग तशाच अवस्थेत गाढवावर बसवून गावातून फिरवला. मी दारात उभी होते. तो त्यानंतर कधी घराबाहेर पडला नाही. दोन वर्षांनी गेला. नावं त्यानं शेवटी सांगितली होती, त्या दिवशीच, तिसऱ्या घोटानंतर. कोणी त्याला दोष दिला नाही. मीही नाही.”

एरंडेल आमच्याकडे लहान मुलांना रविवारी देतात. तो शब्द मी त्या देशात त्या अर्थानं पहिल्यांदा ऐकला.

“त्याला चौघांनी धरलं होतं,” सिन्योरा म्हणाल्या. “दोघांनी हात, एकानं डोकं, एकानं बाटली. मला एवढंच विचारायचं आहे. तुम्हाला किती जणांनी धरलं होतं?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. कदाचित मी दोन म्हटलं असतं, एक म्हटलं असतं, तरी त्यांना बरं वाटलं असतं.

“कोणी नाही,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. कोटाचं वरचं बटण लावलं आणि दाराकडे गेल्या. तिथं थांबल्या.

“काल मला त्यांना भेटू दिलं. पाच मिनिटं. सोमवारी बेटावर नेणार आहेत. त्यांनी तुमच्यासाठी निरोप दिलाय. पान एकशे बारावर एक आकडा चुकलाय. वाचताना त्यांच्या नजरेतून सुटला होता, तिथं कोठडीत आठवला. दुरुस्त करायला सांगा म्हणाले.”

“त्यांनी माझ्याबद्दल काही...”

“नाही,” त्या म्हणाल्या. “पाच मिनिटांतली दोन या आकड्यात गेली.”

त्या जिना उतरून गेल्यावर मी गठ्ठा सोडला. पान एकशे बारा काढलं. सरकारच्या नव्या वाणावर तांबेऱ्याचं प्रमाण मी चौदा टक्के लिहिलं होतं. मूळ वही काढून पाहिली. एक्केचाळीस होतं. नक्कल करताना आकडे उलटे पडले होते.

मी चौदा खोडून एक्केचाळीस केलं. एप्रिलमध्ये पदवी मिळाली. परीक्षकांनी प्रबंधाची स्तुती केली आणि एकच अट घातली, की छापताना पान एकशे बारा वगळावं. मी मान्य केली.